व्हिएन्नात ख्रिसमस, सोबत दोन पोरं : मार्केटला तीन स्टार, प्राणीसंग्रहालयाला पाच, घराला दीड

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांचा वेळ वाचेल. लहान मुलं घेऊन ख्रिसमसला व्हिएन्नाला जायचं डोक्यात असेल तर खुशाल जा, पण मार्केटचे फोटो बघून तिकिटं काढू नका, २४ तारखेला दुपारी २ नंतर आपण चौघं काय करणार ते आधी ठरवा आणि मग काढा. आम्ही ठरवलं नव्हतं. नशिबाने सापडलं, त्याचं नाव टियरगार्टन शोनब्रुन, म्हणजे तिथलं प्राणीसंग्रहालय, आणि हा रिव्ह्यू खरं तर त्याचाच आहे. बाकीचं ओघाने येईल, मला थोडक्यात लिहिता येत नाही हे घरचे सगळे जाणतात.

तर आम्ही ठाण्याचे. मी, नवरा, मोठी साडेपाच वर्षांची आणि धाकटा अडीचचा. डिसेंबर २०२५ ची ट्रिप. नवरा सीए आहे आणि त्याचं म्हणणं असं की मोठी सहाची व्हायच्या आत युरोप उरकून घ्यायचा, कारण शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो पण ६ वर्षांखालच्यांना शून्य, व्हिएन्नाच्या मेट्रो-ट्राममध्ये ६ खालच्यांना तिकीट नाही, प्राणीसंग्रहालयातही नाही. हे सगळं खरंच आहे, चेक केलंय. फक्त त्याच्या एक्सेलमध्ये ख्रिसमसच्या आठवड्यातले विमानाचे आणि राहायचे रेट हा कॉलम जरा उशिरा आला, आणि आल्यावर घरात दोन दिवस शांतता होती.

राहायला अपार्टमेंट घेतलं होतं, हॉटेल नाही, कारण धाकटा बाहेरचं काही म्हणजे काही खात नाही, त्याला वरण-भात लागतो. नाव घेत नाही, कारण माणूस वाईट नव्हता बहुतेक. लिस्टिंगमध्ये होतं, पहिला मजला, लिफ्ट आहे, फॅमिली फ्रेंडली, बेबी कॉट मिळेल. आता व्हिएन्नातल्या जुन्या बिल्डिंगांचं एक गंमतशीर प्रकरण आहे, ते कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. तिथे तळमजला, मग होखपार्टेर, मग मेझानिन, आणि त्याच्यावर पहिला मजला! म्हणजे कागदावर पहिला पण पायाला चक्क तिसरा. लिफ्ट होती, खोटं नाही बोलणार, पण ती अर्धा जिना चढून गेल्यावर सुरू होते आणि आत शिरायला इतकी अरुंद की स्ट्रोलर घडी करून उभा धरावा लागतो, मग त्याच्याशेजारी एक मोठा माणूस मावतो आणि मुलं जिन्यावर उरतात. दोन मोठ्या बॅगा, एक स्ट्रोलर, झोपलेला अडीच वर्षांचा ऐवज आणि "मीच बटण दाबणार" म्हणणारी साडेपाच वर्षांची, असे आम्ही रविवारी संध्याकाळी चार फेऱ्यांत वर पोचलो. कॉट नव्हतं. मेसेज टाकला. उत्तर नाही. त्याचं पुढे येईल.

दीड स्टारमधला एक स्टार किचनला. सुऱ्या धारदार, भांडी भरपूर, हीटिंग उत्तम. अर्धा खिडकीतून दिसणाऱ्या ट्रामला, धाकट्याने तिथे बसून आयुष्यातला पहिला पूर्ण न सांडता संपवलेला भात खाल्ला.

रविवारी पोचलो ही आमची पहिली चूक. रविवारी दुकानं बंद असतात हे वाचलेलं होतं, पण "बंद" म्हणजे आपल्याकडे अर्धं शटर खाली आणि "काय पायजे ताई" असं डोक्यात असतं ना, तसं नाही. बंद म्हणजे बंद. हाउप्टबानहोफ, प्राटरश्टर्न असल्या मोठ्या स्टेशनांत सुपरमार्केट रविवारीसुद्धा उघडं असतं, त्यामुळे येताना स्टेशनवरूनच दूध, तांदूळ, बटाटे, अंडी उचलून मग घरी जायचं. आम्ही घरी जाऊन, बॅगा टाकून, पुन्हा खाली उतरून परत स्टेशनला गेलो. चार मजल्यांइतका तो जिना, चढ-उतार धरून.

खाण्याचं सांगते कारण मलाच निघण्याआधी कुठे नीट मिळालं नव्हतं. भारतातून दूध-दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, बाळाच्या पावडरीला ठरावीक वजनापर्यंत सूट आहे, बाकी नाही. म्हणजे तूप पण नाही. आईला हे पटवायला मला तीन फोन लागले, ती म्हणे, "छोटी बरणी कोण बघतंय?" नाही नेलं. आणि तिथे सुपरमार्केटमध्ये 'बटरश्माल्झ' नावाचा डबा मिळाला, तो दुसरं तिसरं काही नसून कढवलेलं लोणी, थोडक्यात तूपच. रवाळ नाही आणि खमंगपणा जरा कमी, पण गरम भातावर घातलं की धाकट्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. 'रुंडकोर्न' लिहिलेला आखूड दाण्याचा तांदूळ घ्या, मऊ होतो, मेतकूट घरून न्यायचं (ते चालतं, त्यात दूध नाही), झालं काम.

जेटलॅगबद्दल एकच सांगते. साडेचार तासांचा फरक म्हणजे पोरं पहाटे साडेतीनला उठणार, कारण त्यांच्या पोटात सकाळचे आठ वाजलेले असतात. साडेतीन ते उजाडेपर्यंत चार तास, आणि खाली राहणाऱ्यांची झोप. पहाटे चारला मी कुजबुजत्या आवाजात लपंडाव खेळलेय.

आता मार्केटं. सगळे विचारतात म्हणून.

रविवारी संध्याकाळी त्याच उत्साहात राटहाउसप्लाट्झला गेलो, टाउन हॉलच्या समोरचं, सगळ्यात फेमस. दिसायला म्हणाल तर डोळे दिपतात. मागे ती उंच टोकदार मनोऱ्यांची इमारत, समोर ऑस्ट्रियाच्या कुठल्यातरी राज्याने पाठवलेलं अवाढव्य झाड (दरवर्षी वेगळं राज्य पाठवतं), बाजूला लाल हृदयांचे दिवे लावलेलं झाड, त्याखाली जोडपी फोटोच्या लायनीत, बर्फावर स्केटिंग, मुलांचे मेरी-गो-राउंड. पण मी तुम्हाला एक सुचवते, जायच्या आधी दादर स्टेशनच्या ब्रिजवर संध्याकाळी सातला उकिडवे बसून बघा. स्ट्रोलरमधल्या मुलाला ख्रिसमस मार्केट असं दिसतं. जॅकेटांच्या पाठी, बॅगा, आणि कोणाच्या तरी हातातला गरम कप बरोबर त्याच्या डोक्याच्या उंचीवर. ख्रिसमसच्या आधीचा शेवटचा रविवार होता, गर्दी असणारच, त्यात मार्केटचा दोष नाही. दहा मिनिटांत नवऱ्याने त्याला खांद्यावर घेतलं आणि मी रिकामा स्ट्रोलर "सॉरी सॉरी" करत ढकलत राहिले. मोठीने मेरी-गो-राउंडच्या दोन फेऱ्या मारल्या आणि तिसरीसाठी रडली, एवढी आमची पहिली संध्याकाळ.

एक सावधगिरी. 'पुन्श' म्हणजे गरम मसालेदार फळांचं पेय, वास असा की घसा आपोआप शेकतो, पण त्यात दारू असते. मुलांसाठी 'किंडरपुन्श' असं वेगळं मागायचं, आणि मागितलं तरी आधी स्वतः एक घोट घ्यायचा. एका मार्केटमध्ये गोंधळात आम्हाला दोन्ही कप मोठ्यांचेच दिले गेले, मी सवयीने मोठीला द्यायच्या आधी फुंकर घातली तेव्हा रमचा भपकारा आला म्हणून कळलं. बदलून दिलं लगेच, हसत. कपाला डिपॉझिट घेतात, कप परत केला की पैसे परत, आवडला तर घरी न्या. आमचा एक धाकट्याने न्यायला मदत केली त्यामुळे फुटला.

खायला शाकाहारी मिळतं, उपाशी राहणार नाही. बटाट्याच्या किसाची तळलेली थालीपिठं असतात, 'लांगोश' म्हणजे लसूण लावलेला भटुराच म्हणा, शेगडीवर भाजलेल्या गरम चेस्टनटचे कोन. 'केझेक्राइनर' मध्ये चीज असतं ते ऐकून शाकाहारी समजू नका, ते सॉसेज आहे. 'गेर्मक्न्योडेल' म्हणून वाफवलेला पांढराशुभ्र मोठा गोळा असतो, आत आलूबुखारचा जॅम आणि वर खसखस-साखर, मोदकाच्या दूरच्या नात्यातला, मोठीला तो इतका आवडला की ती अजून "तो मोठ्ठा मोदक" म्हणते. आणि व्हॅनिलाकिप्फर्ल नावाची चंद्रकोरीसारखी बिस्किटं, तोंडात टाकली की विरघळणारी, नानखटाई आठवलीच. आमच्या शेजारच्या वसईकर काकू दर ख्रिसमसला नेवऱ्या आणि कलकल पाठवतात, या वेळी आम्ही त्यांच्यासाठी हा डबा घेतला. त्यांनी एक खाल्लं आणि म्हणाल्या, "बरंय, पण खोबरं नाही."

मुलांसाठी खरं चांगलं मार्केट कार्ल्सप्लाट्झचं. मोठ्या हिरव्या घुमटाच्या चर्चसमोर जो उथळ तलाव आहे तो हिवाळ्यात रिकामा करून त्यात पेंढा भरतात, चक्क पेंढा, आणि पोरं त्यात उड्या मारतात. ना तिकीट ना लाइन. आम्ही मंगळवारी २३ ला गेलो, तो त्यांचा शेवटचा दिवस असतो, हे लक्षात ठेवा, नाहीतर २४ ला जाऊन रिकामा चौक बघाल. दीड तास दोघं पेंढ्यात, आई-बाप बाजूला हातात गरम कप धरून, भाषा कुठली कोणाला कळत नाही तरी पाच-सहा पोरांची टोळी जमली. पेंढा मोज्यांत, टोप्यांत, डायपरमध्ये. ठाण्यात आल्यावर तिसऱ्या धुण्यापर्यंत वॉशिंग मशीनच्या जाळीत काड्या सापडत होत्या.

म्युझियमचं एका ओळीत, नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये १९ वर्षांखालच्यांना फुकट आहे आणि तिथे एक डायनोसॉर मान हलवून गुरगुरतो. धाकट्याने त्या हॉलमध्ये पुन्हा पाऊल टाकलं नाही.

आता २४ तारीख. आपल्या डोक्यात ख्रिसमस म्हणजे २५, आणि रस्त्यावरचा सण. कॅम्पातला एमजी रोड, वांद्र्याचं हिल रोड, लाल टोप्या, मॉलमधला सँटा. तिथे खरा सण २४ ची संध्याकाळ, आणि तो पूर्ण घरातला. आपल्या लक्ष्मीपूजनासारखा म्हणा ना. सकाळी सुपरमार्केटमध्ये हीऽऽ गर्दी, माणसं ट्रॉली घेऊन पळतायत, पाव संपलेला, फुलवाल्याकडे रांग, अगदी झेंडू घ्यायला निघाल्यासारखं वातावरण, आणि दुपारी २ ला दुकानं बंद करायची असा तिथे कायदाच आहे. २ वाजून गेले की शहर असं रिकामं व्हायला लागतं की आपण काहीतरी चुकवलंय असं वाटतं. मार्केटंही त्या दिवशी लवकर आवरतात. मग २५ सुट्टी, २६ सुट्टी, २७ शनिवार उघडं, २८ परत रविवार. हे सगळं मी २४ ला सकाळी ११ वाजता, पावाच्या रिकाम्या कपाटासमोर उभी राहून हिशोबाला लावत होते. नवरा म्हणाला, "मग आज दुपारी करायचं काय?" मी म्हटलं, तू केलंयस ना एक्सेल.

शोधताना कळलं की प्राणीसंग्रहालय वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं. गेलो. यू-फोर लाइनने हिट्झिंग स्टेशन, तिथून चालत गेट.

आतली गोष्ट सांगते. हे १७५२ सालचं आहे, जगातलं आजही चालू असलेलं सगळ्यात जुनं प्राणीसंग्रहालय. सम्राट फ्रान्झ, म्हणजे मारिया थेरेसाचा नवरा, त्याने राजवाड्याच्या आवारात बांधलं. मध्यभागी पिवळा अष्टकोनी पॅव्हेलियन आहे, राजाराणी तिथे बसून नाश्ता करता करता चहूबाजूंचे प्राणी बघायचे, म्हणून सगळे जुने पिंजरे त्याच्या भोवती पिझ्झाच्या तुकड्यांसारखे आखलेत. आता त्यात रेस्टॉरंट आहे. याचा आई-बापांना फायदा असा की मधल्या भागात आपण हरवत नाही, कुठूनही बघितलं की पिवळं टोपण दिसतं, "पिवळ्या घरापाशी भेटू" एवढंच मोठीला सांगून ठेवलं.

हवा शून्याच्या आसपास. बर्फ नाही, सांगून ठेवते, व्हिएन्नात ख्रिसमसला बर्फ पडेल या आशेने जाऊ नका, तो क्वचित. पण या प्राणीसंग्रहालयाची मुलांच्या दृष्टीने रचना अशी भारी पडते की दर पंधरा मिनिटांनी एक गरम घर येतं. बाहेर ध्रुवीय अस्वल बघा, नाक लाल झालं की आत पेंग्विन, मग बाहेर हत्ती, मग आत मत्स्यालय. आणि रेनफॉरेस्ट हाउस! काचेचं उंच घर, दार उघडलं की चष्मा पांढरा, कॅमेरा पांढरा, आणि अंगावर आपली जुलैमधली ठाण्याची हवा. मी तिथे जॅकेटची चेन उघडली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा खांदे खाली आले. ओला मातीचा वास, डोक्यावरून पक्षी मोकळे उडतायत, आणि धाकटा मोजे काढून टाकायला बसला. आम्ही तिथे जिन्याच्या पायरीवर बसून घरून आणलेले बटाट्याचे पराठे खाल्ले. नाही म्हणजे, कोपऱ्यात, गुपचूप, आणि एकही तुकडा खाली पडू न देता.

पांडा आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनमधून नवी जोडी आलीये. पांडाबद्दल माझा रिव्ह्यू असा की तो बांबू खातो आणि थांबत नाही. एक पाठ टेकून बसलेला, पोटावर बांबूचा कचरा, हातात कांडी, सोलतोय, चावतोय, सालं पोटावर, पुढची कांडी. मोठी काचेला नाक लावून पंचवीस मिनिटं. पंचवीस! हिला जेवताना पाच मिनिटं बसवायला मला किती गोष्टी सांगाव्या लागतात.

आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की आजूबाजूला टुरिस्ट कमी आणि आजी-आजोबा जास्त आहेत. आजोबा-नातू, आजी आणि तीन नातवंडं, एकटा बाबा आणि जुळ्या मुली. आया दिसेनात. पांडाच्या काचेपाशी शेजारी एक आजी उभ्या होत्या, इंग्लिश छान बोलत होत्या, त्यांनी सांगितलं की २४ ला दुपारी मुलांना घराबाहेर काढावंच लागतं. का, तर तिकडे घरी बंद दाराआड झाड सजवणं चालू असतं. ऑस्ट्रियात झाड पंधरा दिवस आधीपासून घरात उभं नसतं, ते त्याच संध्याकाळी, आणि ते सजवून भेटवस्तू ठेवतं ते क्रिस्टकिंड, बाळ येशू म्हणा किंवा पंखवालं देवाचं बाळ म्हणा, त्याला कोणी बघायचं नाही. काम झालं की छोटी घंटा वाजते, दार उघडतं, आणि मग मुलं आत. "म्हणून आम्ही सगळे इथे," त्या म्हणाल्या, "पिढ्यानपिढ्या माकडं बघत वाट बघतो."

मोठीने हे मला मराठीत करून सांगायला लावलं. मग गंभीर झाली. "म्हणजे सँटा येत नाही?"

आता हिने ठाण्यातून निघायच्या आधी चार वेळा विचारलं होतं, आई, सँटाला आपला पत्ता बदलला हे कळेल का गं, आणि मी चार वेळा हो म्हटलं होतं. मी म्हटलं, "अगं, सँटाचा हा एरिया नाही. इथे क्रिस्टकिंड बघतं." तिला लगेच पटलं. कुरिअरवाले, गॅसवाले, सगळ्यांचे एरिया असतात हे सोसायटीतल्या मुलांना जन्मजात माहीत असतं. फक्त पुढचा प्रश्न आला, "मग आपल्या घरी घंटा आहे का?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. "मी जरा पुढे जातो," तो म्हणाला, "कॉटचं बघायचंय."

हिवाळ्यात साडेचारला बंद होतं, चार वाजताच अंधारून येतं. आम्ही तिघं शेवटी शेवटी बाहेर पडलो. परत जाताना मेट्रोत हात भरलेली माणसं, कोणाच्या मांडीवर केकचा डबा, कोणी इस्त्रीच्या कपड्यात, आणि स्टेशनवरून घरापर्यंतच्या रस्त्यात एक चिटपाखरू नाही. वर बघितलं की खिडक्यांत दिवे. दिवाळीत परगावी असलं की जसं होतं ना तसं मला थोडं झालं, सण कोणाचा का असेना.

मेझानिनवर पोचलो तेव्हा वरून आवाज आला. टिंग टिंग टिंग. मोठी स्तब्ध. धाकट्याने माझी कॉलर धरली. दार उघडंच होतं, आत अंधार, आणि पास्ता उकडायच्या पातेल्यात उभी केलेली पाइनची एक फांदी. कोपऱ्यावर झाडं विकणारा आवरत होता, त्याच्याकडची तुटलेली फांदी, त्याने पैसेही घेतले नाहीत. फांदीच्या खाली मोबाइलचा टॉर्च, त्यावर लाल किचन टॉवेल टाकलेला, त्यामुळे भिंतीवर सगळ्या सुयांच्या सावल्या आणि खोलीभर लाल उजेड. फांदीवर धाकट्याचे दोन मोजे आणि चांदीच्या कागदाचे गोळे. खाली ठाण्याहून बॅगेच्या तळाशी लपवून आणलेला रंगांचा डबा आणि पिवळा जेसीबी. नवरा बाथरूमच्या दारात, पाठीमागे हात, हातात धाकट्याची स्टीलची वाटी आणि चमचा.

मोठी अजून फांदीकडे गेली नव्हती. ती खिडकीपाशी गेली आणि बाहेर वर बघत राहिली.

२५ ला धाकट्याला ताप. १०१. आपल्याकडचं सिरप होतं ते बॅगेत सांडून गेलेलं, फक्त पिशवी गोड. आता ही माहिती नीट वाचा. ऑस्ट्रियात साधी पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, फक्त औषधाच्या दुकानात, आपोथेके लिहिलेलं असतं. २५ ला ती बंद. पण प्रत्येक बंद आपोथेकेच्या दारावर आज ड्युटीवर जवळचं कुठलं उघडं आहे ते लावलेलं असतं, आणि १४५० नंबरला फोन केला तर आजारपणाचा सल्लाही मिळतो. आमच्यापासून दोन ट्राम स्टॉपवर होतं. तिथेही दार बंदच दिसतं, घाबरू नका, बेल वाजवायची. मी आणि मोठी गेलो होतो. बेल वाजवली, दारातली छोटी खिडकी उघडली, आत पांढऱ्या कोटातल्या बाई. वय विचारलं, वजन विचारलं, ते मला ग्रॅमसकट पाठ होतं, सिरप दिलं, किती मिली ते बाटलीवर पेनने लिहून दिलं. सुट्टीचा थोडा जास्तीचा आकार लावतात, त्याचं काही नाही.

खिडकी बंद झाल्यावर मोठी हळूच म्हणाली, "आई, इथे पण घंटा वाजवली की मिळतं."

२५ आणि २६ घरातच. मेतकूट-भात, जेसीबी, खिडकीतली ट्राम. ताप २६ ला दुपारी उतरला. अपार्टमेंटवाल्याला मी एव्हाना चार मेसेज टाकले होते, शेवटच्या मेसेजमध्ये मी जरा कडक इंग्लिश वापरलं. धाकटा सगळे दिवस आमच्या दोघांच्या मध्ये आडवा झोपला, म्हणजे झोपला तोच.

२७ ला उघड्या शहरात काय करायचं याची चर्चाच झाली नाही. राजवाडा आतून बघायचा राहिला होता, जायंट व्हील राहिलं होतं, १८९७ सालचं ते, मला फार हौस होती. दोन मतं विरुद्ध दोन, आणि दोन मतं रडू शकत होती. परत प्राणीसंग्रहालय. या वेळी फक्त रेनफॉरेस्ट हाउस आणि पांडा, मोठ्यांची तिकिटं पुन्हा पूर्ण काढून, आणि तरी मला एक सेंट वाया गेल्यासारखं वाटलं नाही, नवऱ्यालाही नाही, त्याने एक्सेलमध्ये त्याला वेगळी ओळ दिली. यापेक्षा मोठा रिव्ह्यू मला लिहिता येत नाही. जायचं असेल तर सकाळी ९ ला उघडल्या उघडल्या जा, साडेतीनला उठलेल्या पोरांना तोवर दुसऱ्यांदा भूक लागलेली असते, खाऊ जवळ ठेवा, मुलांना एक जादा मोजे जोडी, आणि टेकडीवरचा भाग स्ट्रोलर असेल तर सोडून द्या, खाली दिवसभर पुरेल एवढं आहे.

संध्याकाळी पराठे लाटत असताना फोन वाजला. अपार्टमेंटवाला. सॉरी, गावी आईकडे होतो, तिकडे फोन बघत नाही, तुमचा ख्रिसमस छान गेला असेल अशी आशा आहे, आणि कॉट बेडरूमच्या कपाटाच्या वर ठेवलंय, मागच्या बाजूला, निळ्या पिशवीत.

नवरा खुर्चीवर चढला. होतं.